हातातला कागद एनसीचा की एफआयआरचा? कलमं वाचायची कशी

रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. तोंडाला रुमाल लावलेला एक माणूस माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. बांधावरून चुलतभावाशी जुंपली होती. "मारलं, आईबहिणीवरून शिव्या दिल्या, बघून घेतो म्हणाले," एवढं तो रुमालातूनच बोलला. ठाणे अंमलदार म्हणून मी नवीनच होते आणि हात सवयीने चालला. ३२३, ५०४, ५०६, म्हणजे साधी मारहाण, शिवीगाळ, दमदाटी. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहिली, सही घेतली, "कोर्टात दाद मागा" अशी समज दिली आणि त्याला घरी पाठवलं.

सकाळी त्याची बायको आली. तंबाखूच्या रिकाम्या डबीत कापसावर दात ठेवून आणला होता. डबी माझ्या रजिस्टरवर ठेवून म्हणाली, "बाई, हा पण लिहायचा असतो का?"

रुमाल बाजूला करा, एवढंच मी म्हणाले नव्हते. दात तुटला किंवा जागचा निखळला की साधी दुखापत राहत नाही, गंभीर दुखापत होते. एनसीचा एफआयआर होतो. साहेबांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतली आणि ती वाजवी होती. दवाखाना यादी (जखमीला तपासा असं डॉक्टरांना द्यायचं पोलिसांचं पत्र) दिली, डॉक्टरांचं सर्टिफिकेट आलं, गंभीर दुखापतीचं ३२५ लागलं.

आता निवृत्त झाले. तरी आठवड्यातून एकदा तरी कुणी नातेवाईक कागदाचा फोटो पाठवतो आणि विचारतो, "मावशी, गुन्हा किती मोठा आहे?" मी म्हणते, हा प्रश्नच सोडून दे. कायद्यात 'मोठा' आणि 'छोटा' अशा दोन पेट्या नाहीत. प्रत्येक कलमाला चार वेगळे प्रश्न विचारायचे: पोलीस आपणहून हात घालू शकतात का, जामीन हक्काने मिळतो का, खटला कुठल्या कोर्टात चालणार, आणि दोघांना आपसात मिटवता येईल का. एकाचं उत्तर कळलं म्हणून दुसऱ्याचं कळत नाही, आणि लोक फसतात ते इथेच.

आधी तारीख बघा

१ जुलै २०२४ पासून १८६० ची भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. गुन्हा घडला ती तारीख त्या दिवसाच्या आधीची असेल तर गुन्ह्याचं कलम जुन्याच संहितेचं लागतं, तक्रार आज दिली तरी. म्हणून कागदावर नुसता आकडा वाचू नका. आकड्यासोबत 'भादंवि' (जुनी दंड संहिता) आहे की 'भान्यासं' (नवी न्याय संहिता) ते बघा.

आकडे फार घोळ घालतात. तोंडात बसलेलं ३०२ आता खून नाही. नव्या संहितेत ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने बोलणं. खून १०३ झाला. ३०७ म्हटलं की आमच्या पिढीला खुनाचा प्रयत्न दिसतो, तो आता १०९. जुनं ३४ म्हणजे 'सगळ्यांनी मिळून केलं', ते आता ३(५). नव्या संहितेतलं ३४ मात्र स्वसंरक्षणाचं, म्हणजे तो गुन्हाच नव्हे. आणि ४२०? संहिता ३५८ कलमांवरच संपते. फसवणूक ३१८(४) मध्ये गेली. 'चारसोबीस' ही शिवी तेवढी राहिली.

पोलीस आपणहून येणार की नाही

दखलपात्र गुन्ह्यात पोलीस कोर्टाला न विचारता तपास सुरू करू शकतात आणि वॉरंटाशिवाय अटक करू शकतात. असा गुन्हा एफआयआर म्हणून नोंदला जातो आणि त्याला गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, मिळतो. अदखलपात्र असेल तर नोंद होते, पण मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. हीच एनसी. "पोलीस काहीच करत नाहीत" अशी जी ओरड असते, तिच्यातली बरीचशी एनसीबद्दल असते. तिथे पोलिसांचे हात कायद्यानेच बांधलेले असतात. सगळ्याच तक्रारींत तसं असतं असं मात्र मी म्हणणार नाही. नोकरी केली आहे, टेबलाची अलीकडची बाजूही पाहिली आहे.

शिक्षा किती, यावरून दखलपात्र ओळखू नका. एखाद्याची वाट अडवली तर १२६(२), शिक्षा जास्तीत जास्त एक महिना साधी कैद किंवा ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. तरी दखलपात्र. भांडण पेटावं म्हणून मुद्दाम अपमान केला तर ३५२, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. तरी अदखलपात्र. याचा तर्क मला विचारू नका. मी तक्ता बघते.

तो तक्ता म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेच्या शेवटी जोडलेली पहिली अनुसूची. सहा रकाने: कलम, गुन्हा, शिक्षा, दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र, आणि कुठल्या कोर्टात. मोबाइलवर उतरवून ठेवा आणि बोट आडवं सरकवत वाचा. ठाण्यात आमच्या तक्त्याची पानं घामाने पिवळी पडली होती.

तक्त्याचा पहिला भाग न्याय संहितेतल्या गुन्ह्यांचा. वेगळ्या कायद्याखालचा गुन्हा असेल आणि त्या कायद्यात काहीच सांगितलं नसेल तर दुसरा, छोटासा भाग बघायचा. तिथे मात्र शिक्षेवरूनच ठरतं. तीन वर्षांपेक्षा कमी किंवा नुसता दंड असेल तर अदखलपात्र आणि जामीनपात्र. तीन ते सात वर्षं असेल तर दखलपात्र, अजामीनपात्र आणि प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेट. सातच्या पुढे सेशन कोर्ट.

एक ओळ उलगडून बघू

परवा भाच्याने त्याच्या मुलावरचा एफआयआर पाठवला, त्यावर अशी ओळ होती: भान्यासं ११७(२), ११५(२), ३५२, ३५१(२), ३(५). भावकीतल्या मारामारीची ही ठरलेली ओळ. ती एकदा नीट वाचता आली की निम्मं काम झालं.

११५(२) साधी दुखापत. एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अदखलपात्र, जामीनपात्र. ३५२ शिवीगाळ आणि ३५१(२) दमदाटी. दोन्हींना दोन वर्षांपर्यंत, दोन्ही अदखलपात्र, जामीनपात्र. नुसती ही तीन असती तर हातात एनसी आली असती. माझ्या त्या रात्रीच्या ३२३, ५०४, ५०६ चं हे नवं रूप.

११७(२) गंभीर दुखापत. सात वर्षांपर्यंत आणि दंड. दखलपात्र. एका घटनेत एक जरी कलम दखलपात्र असलं तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. म्हणून हा एफआयआर झाला.

गंभीर म्हणजे काय हे डॉक्टरांच्या किंवा पोलिसांच्या मनावर नाही. ११६ मध्ये आठ प्रकार मोजून दिलेत. डोळा किंवा कान कायमचा जाणं, सांधा निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात तुटणं-निखळणं, आणि १५ दिवस तीव्र वेदना होणं किंवा रोजचं काम करता न येणं हे त्यातले. जुन्या कायद्यात हे दिवस २० होते. रक्त किती वाहिलं याचा यात उल्लेखही नाही. कपाळ फुटून शर्ट रक्ताने भिजला तरी साधी दुखापत असू शकते आणि रक्ताचा थेंब न सांडता करंगळीचं हाड मोडलं की गंभीर. म्हणून मारहाण झाली की आधी दवाखाना यादी मागून घ्या, एक्स-रे करून घ्या. आणि रुमाल बाजूला करून तोंड दाखवा.

३(५) हा वेगळा गुन्हाच नाही. दोघा-तिघांनी एकाच इराद्याने केलं तर प्रत्येकजण सगळ्याला जबाबदार, एवढंच ते सांगतं. "माझ्या मुलावर पाच कलमं लावली" म्हणून ऊर बडवणाऱ्या आईला मी हे आधी सांगते. पाचवं नुसतं जोडपत्र आहे.

आता जामीन. ओळीतलं प्रत्येक कलम जामीनपात्र आहे, ११७(२) सुद्धा. म्हणजे भाच्याच्या मुलाला ठाण्यातच जामीन मिळायला हवा. वकिलाने अटकपूर्व जामिनासाठी पैसे मागितले असतील तर थांबा. तो अर्ज अजामीनपात्र गुन्ह्यासाठी असतो. पण फिर्यादीत कोयता आला असता आणि कोयत्याने हाड मोडलं असतं तर ११८(२) लागलं असतं. शिक्षा जन्मठेपेपर्यंत, कमीत कमी एक वर्ष, अजामीनपात्र. तेव्हा सेशन कोर्टाकडे धावावंच लागतं. त्यामुळे फिर्यादीत हत्यार कुठून आलं, आधीच्या जबाबात होतं का, ही ओळ दोनदा वाचा. खरं असेल तर येऊ द्या. नंतर आठवलेला कोयता कोर्टात फार काळ टिकत नाही.

जामीनपात्र, अजामीनपात्र

जामीनपात्र म्हणजे जामीन हा आरोपीचा हक्क. जामीनदार द्यायला तयार असेल तर अधिकाऱ्याला नाही म्हणता येत नाही. आणि अटकेनंतर आठवडाभरात ज्याला जामीनदार देता आला नाही तो गरीब आहे असं धरून त्याला नुसत्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, सोडायचं असतं. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं अर्धा गाव समजतो. मिळतो, पण कोर्टाच्या विचाराने.

इथेही शिक्षेचं गणित उलटं पडतं. दुसऱ्याचा दात पाडला तर सात वर्षांपर्यंत, तरी जामीनपात्र. मोबाइल चोरला तर ३०३(२), तीन वर्षांपर्यंत, तरी अजामीनपात्र. चोरीत नवी भर अशी की वस्तूची किंमत ५००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तक्त्यात ती अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा किंमत परत केली तर शिक्षा समाजसेवेची. म्हणून जुना फोन चोरीला गेला तर तक्रारीत किंमत टाकताना विचार करा आणि बिल असेल तर सोबत न्या. किंमत फुगवू नका. बिल निघतंच.

अजामीनपात्र गुन्हा म्हणजे लगेच अटक, असंही नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक का हवी याची कारणं पोलिसांना लिहावी लागतात. नको असेल तर हजर राहण्याची नोटीस देतात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात यावर कडक बजावलं, तेव्हापासून आमच्या ठाण्यात कारणांचा छापील तक्ताच आला. नोटीस आली की घाबरून गावाला पळू नका. जा, हजर व्हा, पोच घ्या. नोटीस पाळणाऱ्याला सहसा अटक करता येत नाही. पळणाऱ्याला येते.

घरचं माणूस आत असेल तर दोन आकडे लक्षात ठेवा: ६० आणि ९०. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, बाकीच्यांत ६० दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो. पण अर्ज करावा लागतो. चार्जशीट येऊन पडल्यावर जाग आली तर हक्क गेला.

शब्द जपून वापरा

"घरावर दरोडा पडला हो!" म्हणून लोक येतात. घरी कुणी नव्हतं, कुलूप तोडून दागिने नेले. ही घरफोडी आणि चोरी. दरोड्याला पाच किंवा जास्त माणसं लागतात आणि जबरदस्ती लागते. चारजणांनी चाकू दाखवून लुटलं तर जबरी चोरी. मोटरसायकलवरून गळ्यातली साखळी ओढून नेली तर त्याला आता स्वतंत्र कलम आहे, ३०४. धमकावून त्याच्याच हाताने पैसे काढायला लावले तर खंडणी. तक्रारदाराने नाव चुकीचं घेतलं म्हणून बिघडत नाही, कलम लावणं आमचं काम. तुम्ही किती माणसं, हातात काय, कोण काय म्हणालं, कुठल्या क्रमाने, तेवढं सांगा.

जिवाच्या बाबतीत तर सगळा फरक मनातल्या गोष्टीचा. माणूस मेला हे तिन्हीकडे सारखं. मारायचंच म्हणून मारलं तर १०३, फाशी किंवा जन्मठेप. मरेल याची जाणीव होती पण खुनाच्या व्याख्येत बसत नाही, तर १०५, सदोष मनुष्यवध. इरादा नाही, जाणीव नाही, नुसता निष्काळजीपणा, तर १०६(१), पाच वर्षांपर्यंत, जामीनपात्र. अपघातातल्या ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी मोकळा फिरताना बघून गाव पेटतं ते यामुळे. पोलिसांनी पैसे खाल्ले असं म्हणण्याआधी तक्त्यातला पाचवा रकाना बघा.

पैशांच्या व्यवहारात हाच प्रश्न: मनात कधी आलं? उसने घेतले आणि परत दिले नाहीत, एवढ्याने फसवणूक होत नाही. तो दिवाणी दावा. देण्याचा विचारच नव्हता आणि खोटं सांगून घेतले, हे दाखवता आलं तर ३१८(४). अशा तक्रारी घेऊन येताना मेसेज, बँकेचं स्टेटमेंट, पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं त्याचा पुरावा आणा. "तो आता फोन उचलत नाही" हा पुरावा नव्हे.

मिटवायचं असेल तर

एफआयआर झाली की फिर्याद तुमची असली तरी खटला सरकारचा. "मी केस मागे घेतो" म्हणून चालत नाही. कुठले गुन्हे मिटवता येतात ते नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५९ मध्ये दोन याद्यांत आहे. साधी दुखापत, शिवीगाळ, वाट अडवणं, बदनामी हे ज्याचं नुकसान झालं त्याने मिटवायचे. कोर्टाची परवानगी लागत नाही. गंभीर दुखापत आणि फसवणूक मिटवता येते, पण कोर्टाच्या परवानगीने. खुनाचा प्रयत्न कुठल्याच यादीत नाही. पंचांसमोर शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलं तरी खटला थांबत नाही, हे सांगताना समोरच्याचा चेहरा बघवत नसे.

हातात एनसी आली तर

फेकून देऊ नका. नंबर आणि तारीख बघा. दोन वाटा आहेत: मॅजिस्ट्रेटकडे जाऊन तपासाचा आदेश मागणं किंवा सरळ कोर्टात खासगी फिर्याद करणं. वेळ मोजून असतो. नुसत्या दंडाच्या गुन्ह्यात सहा महिने, एक वर्षापर्यंतच्या शिक्षेत एक वर्ष, त्यापुढे तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेत तीन वर्षं. नुसतं ११५(२) असेल तर वर्षाच्या आत हालचाल करा. त्याच माणसाविरुद्ध दुसरी-तिसरी एनसी झाली असेल तर सगळे नंबर एका कागदावर लिहून अधिकाऱ्याला द्या आणि चॅप्टर केस (पुन्हा भांडण होऊ नये म्हणून समोरच्याकडून हमी लिहून घेण्याची कारवाई) करा म्हणा. एकेक एनसी हलकी वाटते, तीन एकत्र दिसल्या की अधिकारी मान वर करतो.

गुन्हा दखलपात्र वाटतो आणि तरी लिहून घेत नाहीत? तक्रार लेखी करा, पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, पोच जपा, तरीही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर करा म्हणा. ती कुठल्याही ठाण्यात होते. तक्रार ऑनलाइन दिली तर तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. तीन वर्षं ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात एफआयआरपूर्वी १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करायची मुभा पोलिसांना आहे, तीही वरिष्ठांच्या परवानगीने. तेव्हा "चौकशी चालू आहे" ऐकलं तर कधी सुरू झाली ती तारीख विचारा.

एफआयआरची प्रत फुकट मिळते. सही करण्याआधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला लावा. वेळ बरोबर आहे का, जागा बरोबर आहे का, मार कुठे लागला ते लिहिलंय का. आमच्यासारख्यांचा हात सवयीने चालतो, रात्री साडेअकराला तर जास्तच. दात पडला असेल तर तिथेच बोट ठेवा आणि म्हणा, बाई, हाही लिहा.